बुफर बंद पडला म्हणजे ॲम्प्लिफायर जळलाच असं नाही

मागच्या वेळी आपण उडदाच्या पिठाबद्दल बोललो होतो, आज गाडीतल्या बुफरबद्दल बोलायचं आहे. हसू नका, आमच्या गटाची बाजारातली निम्मी ओळख त्या बुफरने करून दिली आहे.

गटाने जुनी चारचाकी घेतली, तेव्हा डिकीत आधीच्या मालकाने बसवलेला ॲम्प्लिफायर आणि सबवूफर, म्हणजे आपला बुफर, आयताच मिळाला. पापड-लोणच्याची जाहिरात आम्ही आमच्याच आवाजात मोबाइलवर भरली आणि मध्ये ढोल टाकला. गाडी बाजारात शिरली की बायका वळून बघायच्या. एका शनिवारी ढोलाचा दणका एकदम गेला. दारातले बारके स्पीकर बोलत होते, मागे मात्र चिडीचूप. बाजाराच्या गलक्यात तेवढा आवाज कुणाला ऐकू येणार?

दुकानदाराने डिकी न उघडताच सांगितलं, "ॲम्प्लिफायर जळला, नवा टाका. साडेसहा हजार." बैठकीत खर्च मंजूर व्हायच्या बेतात होता. तेवढ्यात अध्यक्ष काकू मला म्हणाल्या, "अगं, मिक्सर बंद पडला तर आपण आधी पिन बघतो ना? मग याची पिन कुठंय ते तरी बघून ये."

काकूंचं बरोबर होतं. टेपमधून निघणारा आवाज फार बारीक असतो, त्याला मोठं करून बुफरकडे पाठवायचं काम ॲम्प्लिफायरचं. त्यासाठी त्याला वीज लागते, आणि ती तीन तारांवर चालते. एक जाड तार, बहुधा लाल, थेट बॅटरीच्या प्लसवरून येते. दुसरी काळी, ती गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, तिला अर्थिंग म्हणतात. तिसरी बारीक, बहुतेक निळी, ती टेपकडून येते. टेप चालू झाला की ती ॲम्प्लिफायरला "ऊठ" म्हणून सांगते. तिन्हींपैकी एक जरी सुटली, तरी चांगला ॲम्प्लिफायर मेल्यासारखा पडून राहतो.

म्हणून आधी त्याच्यावरचा दिवा बघा. आमचा दिवा लागतच नव्हता, म्हणजे वीज पोचत नव्हती. पहिला संशय फ्यूजवर घ्यायचा. तो दोन ठिकाणी असतो, एक बॅटरीजवळ लाल तारेवर आणि एक ॲम्प्लिफायरच्याच अंगावर. नुसत्या डोळ्यांनी तपासू नका. काढून मीटर लावा, चांगला असेल तर मीटर वाजतो. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. चांदीचा कागद किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागवणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. फ्यूज वितळतो म्हणून तार वाचते. तो नसला की तार पेटते, आणि गाडीत आपली माणसं बसलेली असतात. नवा फ्यूजही लगेच गेला, तर लाल तार कुठेतरी पत्र्याला घासून सोलली आहे का, ते शोधा.

आमचे दोन्ही फ्यूज चांगले निघाले. मग टेप चालू ठेवून मीटर २० व्होल्ट डीसीवर लावला. लाल काडी ॲम्प्लिफायरच्या प्लसवर, काळी काडी त्याच्याच अर्थिंगच्या स्क्रूवर. बारा-साडेबारा दिसायला हवेत. आकडा कधी तीन, कधी पाच, ठरेचना. काळी काडी तिथून काढून डिकीतल्या रंग नसलेल्या बोल्टवर टेकवली, तर साडेबारा! म्हणजे लाल तार ठणठणीत, दोष अर्थिंगचा. (निळ्या तारेवरही टेप चालू असताना बाराच्या आसपास दिसायला हवेत. आमच्याकडे होते.)

गालिचा उचलला आणि सगळ्याजणी गप्प झालो. लोणच्याच्या बरण्या आम्ही तिथेच ठेवत होतो. खारं पाणी झिरपून बोल्टभोवती गंजाची जाड साल धरली होती. गंजातून वीज नीट जात नाही.

दुरुस्ती आम्हीच केली. आधी बॅटरीची काळी तार सोडवली, कारण नाहीतर पाना प्लसला आणि पत्र्याला एकदम लागला की ठिणगी उडते. गंज आणि रंग सँडपेपरने घासून पत्रा चकचकीत केला, तारेचं टोकही घासलं, बोल्ट नवा घातला, वरून ग्रीस लावलं. खर्च चाळीस रुपये.

तुमच्याकडे दिवा लागत असेल, पण लाल रंगाचा, 'प्रोटेक्ट' लिहिलेला, तर गोष्ट वेगळी. ॲम्प्लिफायर धोका ओळखून स्वतःच थांबला आहे. टेप बंद करून बुफरच्या दोन्ही तारा सोडवा आणि पुन्हा चालू करा. लाल दिवा गेला तर दोष बुफरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. तारा सोडवूनही राहिला, तर आवाजाची केबल काढून बघा. तरीही राहिला, वीज आणि अर्थिंगही ठीक असेल, तर मग ॲम्प्लिफायर दुरुस्तीला न्या.

बुफर तपासायला घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल पुरतो. सोडवलेल्या बुफरच्या दोन टोकांना सेल क्षणभर टेकवा. आतली कॉइल जिवंत असेल तर 'ठप्प' आवाज होऊन पडदा हलतो. हललाच नाही, तर बहुधा कॉइल तुटली आहे.

कधी अर्धा तास वाजून बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो. अशा वेळी त्याच्यावर रचलेली पोती आणि पिशव्या आधी बाजूला करा, त्याला वारा लागू द्या. गाडी बंद ठेवून तासन्‌तास वाजवलं तर बॅटरी उतरते, आणि तेव्हाही तो थांबतो.

आमचा ढोल पुढच्या शनिवारी वाजला. बरण्या आता ट्रेमध्ये ठेवून मागच्या सीटखाली जातात. गालिचा मात्र फेकावाच लागला, आंब्याच्या लोणच्याचा वास काही केल्या जाईना.