आवाज थांबले, तरी लक्ष का लागत नाही?
तरुणांमधील सायकोसिस आणि बोधनिक अडचणी : कुटुंबीयांसाठी माहिती

सायकोसिस हा तीव्र मानसिक आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा तारुण्याच्या सुरुवातीस प्रकट होतो. इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणे, निराधार संशय दृढ होणे, बोलणे असंबद्ध होणे ही त्याची ठळक लक्षणे होत. योग्य औषधोपचाराने ही लक्षणे अनेक रुग्णांत काही आठवड्यांत ओसरू लागतात आणि घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात.

परंतु मुलगा एकच पान तीनदा वाचतो, तरी त्यातील आशय त्याच्या ध्यानात राहत नाही. आझाद चौकातून चार वस्तू आणावयास सांगितल्या, तर दोनच आणतो. घरात चारजण एकदम बोलू लागले की मुलगी गप्प होते. “आता बरा आहे, मग हा आळस कशाला?” असा प्रश्न अशा वेळी घरोघरी विचारला जातो. हा आळस नव्हे. तो आजाराचाच एक भाग आहे आणि त्यावरही उपचार आहेत.

बोधनिक अडचणी म्हणजे काय?
लक्ष एकाग्र करणे, ऐकलेले स्मरणात ठेवणे, विचारांचा वेग राखणे, कामाचा क्रम ठरविणे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव ओळखणे या क्षमतांना बोधनिक क्षमता म्हणतात. सायकोसिसमध्ये त्या मंदावू शकतात. अनेकदा ही घसरण आवाज ऐकू येण्याच्या आधीच सुरू झालेली असते. हुशार विद्यार्थ्याचे गुण अकारण कमी होणे ही तिची एक खूण असू शकते. मात्र गुण कमी होण्यास इतरही अनेक कारणे असतात, म्हणून निदान तज्ज्ञांकडूनच करून घ्यावे.

औषधांविषयी
आवाज व भ्रम यांवर औषधे प्रभावी ठरतात. बोधनिक अडचणींवर त्यांचा परिणाम मर्यादित असतो. तरीही औषधे स्वतःहून बंद करू नयेत, कारण आजार उलटण्याचा धोका त्याने वाढतो. काही औषधांनी गुंगी येते. हातापायांचा कंप व ताठरपणा कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या औषधाने स्मरणशक्ती मंदावू शकते. असा त्रास जाणवल्यास डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. मात्रा किंवा औषध बदलण्याचा निर्णय ते घेतात. वजन व रक्तातील साखर यांची तपासणीही नियमित करून घ्यावी.

औषधांखेरीज उपचार
बोधनिक प्रशिक्षणात लक्ष, स्मरण व नियोजन यांचे सोप्याकडून कठिणाकडे जाणारे सराव प्रशिक्षित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली अनेक आठवडे करून घेतले जातात. शिक्षण किंवा रोजगाराच्या साहाय्याशी त्यांची जोड दिल्यास लाभ अधिक होतो. नियमित व्यायाम व पुरेशी झोप यांचीही मदत होते. गांजा, भांग व मद्य पूर्णतः टाळावे.

ब्राह्मणपाऱ्यातील व रायपूरच्या अन्य भागांतील मराठी कुटुंबांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. अनेक घरांत बोलणे मराठीत आणि शिक्षण हिंदीत किंवा इंग्रजीत होते. बोधनिक चाचणीपूर्वी रुग्ण कोणत्या भाषेत सहज वाचतो व विचार करतो, हे मानसशास्त्रज्ञांना सांगावे. अन्यथा भाषेची अडचण ही स्मृतीची अडचण समजली जाण्याची शक्यता असते.

घरी काय करावे?
• एका वेळी एकच सूचना, छोट्या वाक्यात द्यावी.
• दिनक्रम, औषधांच्या वेळा व कामांची यादी भिंतीवर लावावी. भ्रमणध्वनीवरील गजराचा उपयोग करावा.
• मोठ्या कामाचे लहान भाग करावेत व प्रत्येक भागानंतर विश्रांती द्यावी.
• भावंडांशी तुलना, टोमणे व घाई टाळावी.
• महाविद्यालयात परतताना प्रारंभी कमी विषय किंवा कमी तास घेता येतील का, याची चौकशी करावी.

मदत कोठे मिळेल?
रायपूर येथे डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय (मेकाहारा) आणि टाटीबंध येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांच्या मानसोपचार विभागांत तपासणी होते. भेटीस जाताना रुग्णाला जाणवणाऱ्या अडचणी लिहून न्याव्यात. टेली-मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. रुग्ण आत्महत्येविषयी बोलत असल्यास त्यास एकटे सोडू नये व विनाविलंब रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा अधिकार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश असून, पात्र रुग्णास दिव्यांगत्व प्रमाणपत्र व त्यानुसार सवलती मिळू शकतात.

उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितकी शिक्षण व रोजगार टिकण्याची शक्यता अधिक असते. म्हणून पुढील भेटीत डॉक्टरांना केवळ “आवाज येतात का?” याचेच उत्तर देऊ नये, “वाचलेले ध्यानात राहते का? काम पूर्ण होते का?” हेही सांगावे.