वीस मार्कांचा मेसेज आणि दहावीचं गणित

दहावीच्या निकालाचे दिवस आले की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो : "आता गणितात २० मार्क मिळाले तरी पास." खाली कुणी माशाअल्लाह लिहितं, कुणी अंगठा दाखवतं, आणि ज्या घरात मुलगी गणितात कच्ची आहे त्या घरातली अम्मी सुटकेचा निःश्वास टाकते. मेसेज पूर्ण खोटा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेतला नाही तर नुकसान आपल्याच मुलांचं आहे, म्हणून हा लेख.

२०२४ साली राज्याचा शालेय शिक्षणाचा नवा अभ्यासक्रम आराखडा तयार झाला. त्यात अशी तरतूद आहे की गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण २० किंवा त्याहून जास्त गुण मिळालेल्या मुलाला अकरावीला जाता येईल. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा येईल, की गणित किंवा विज्ञानावर आधारलेलं पुढचं शिक्षण त्याला घेता येणार नाही. शेरा नको असेल तर पुन्हा परीक्षेला बसायचं. ही तरतूद नव्या अभ्यासक्रमाबरोबर येणार, असं तेव्हाच सांगितलं गेलं होतं. म्हणजे आपलं मूल ज्या वर्षी दहावीला आहे त्या वर्षी नियम काय आहे, हे मुख्याध्यापकांना विचारा, ग्रुपला नको.

बोर्डाच्या दहावीत गणिताचे दोन पेपर असतात. भाग १ बीजगणित ४० गुण, भाग २ भूमिती ४० गुण, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०. पूर्वी ज्यांना हे झेपत नव्हतं त्यांच्यासाठी 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय होता, तो पुढे बंद झाला. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही बोर्डाला विचारलं होतं की गणित ऐच्छिक करता येईल का, म्हणजे कलाशाखेकडे जाणारी मुलं शाळा अर्ध्यावर सोडणार नाहीत. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन पेपर सुरू केले. म्हणजे सगळ्या मुलांना एकच गणित सक्तीने का, हा प्रश्न सरकारदरबारीही आहे, आणि तो रास्तच आहे.

काही मुलांना अंकच खरोखर कळत नाहीत. ही मुलं आळशी नसतात की ढ नसतात. शिकण्यातली ही अक्षमता, जिला डिसकॅल्क्युलिया म्हणतात, कायद्याने मान्य आहे. शासनमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर बोर्ड सवलत देतं. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय घेता येतो. आपल्याकडे अशा मुलाला मार तरी मिळतो, नाहीतर गॅरेजवर पाठवलं जातं. प्रमाणपत्राची चौकशी आठवी-नववीतच करा, दहावीच्या जानेवारीत धावपळ करून काही होत नाही. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. तिथे दहावीला पाच विषय निवडायचे असतात आणि त्यात गणित असलंच पाहिजे असं नाही.

पण बाकीच्या मुलांचं काय? ज्यांना कळू शकतं पण कुणी नीट समजावलं नाही, त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. त्यांच्यासाठी '२० मध्ये पास' ही सवलत नसून बंद दरवाजा ठरू शकते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला जायचं तर दहावीला गणित-विज्ञान लागतं, आणि आत गेल्यावरही वर्कशॉपचे हिशोब शिकावे लागतात. पॉलिटेक्निकच्या पहिल्या सत्रातच गणिताचा पेपर. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे, बँकेच्या परीक्षेत आहे, सीएच्या फाउंडेशनमध्ये आहे.

आणि एक गोष्ट पालक हमखास विसरतात. "मुलगी आहे, डी.एड. करेल, उर्दू शाळेत लागेल, तिला गणित कशाला?" हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकलं असेल! पहिली ते पाचवीचं शिक्षक व्हायला जी टीईटी द्यावी लागते, तिच्या पहिल्या पेपरातल्या १५० प्रश्नांपैकी ३० प्रश्न गणिताचेच असतात. ज्या नोकरीसाठी तिचं गणित सोडवलं, त्याच नोकरीच्या दारात ते उभं असतं.

मुलं नेमकी अडतात कुठे? दहावीत नापास झालेल्या मुलाची वही उलटी चाळत गेलं की बहुतेक वेळा गाडी पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांवर येऊन थांबते. एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच, असं तो तेव्हाही लिहीत होता आणि आजही लिहितो. वर्गसमीकरण त्याच्यापर्यंत पोहोचलेलंच नसतं.

अपूर्णांक तर आपल्या घरात रोजचे आहेत. जकात म्हणजे चाळिसावा हिस्सा. आणि वारसा? समजा एकाचा इंतकाल झाला. मागे बीवी, एक मुलगा, दोन मुली. आई-वडील हयात नाहीत, कर्ज आणि वसीयत देऊन १६ लाख उरले. बीवीचा आठवा हिस्सा, म्हणजे २ लाख. उरलेल्या १४ लाखांत मुलाचे दोन वाटे आणि प्रत्येक मुलीचा एक, असे चार वाटे. मुलाला ७ लाख, मुलींना साडेतीन-साडेतीन लाख. हा हिशोब ज्या मुलीला स्वतः मांडता येतो, तिला "तुझा हिस्सा एवढाच बसतो" असं सांगून कुणी दोन लाखांत गप्प करू शकत नाही. बाराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने बीजगणिताचं पुस्तक लिहिलं, 'अल्जेब्रा' हा शब्द त्या पुस्तकाच्याच नावातून आला, आणि त्या पुस्तकाचा मोठा भाग अशाच वारशाच्या वाटण्यांचा आहे.

हिफ्ज करून तेरा-चौदाव्या वर्षी शाळेकडे वळणाऱ्या मुलांची अडचण जरा वेगळी. नववीत थेट बसतात किंवा फॉर्म १७ भरून बाहेरून दहावी देतात, आणि सगळ्या विषयांत गणितच त्यांना अडवतं. पण ज्याने अख्खं कुरआन पाठ केलं त्याची स्मरणशक्ती आणि बैठक याबद्दल बोलायलाच नको. त्याच्यामागे फक्त चार-पाच वर्षांचं गणित राहिलेलं असतं. त्याला दहावीच्या गाईडवर बसवणं म्हणजे पहिला मजला न बांधता दुसऱ्याचा स्लॅब टाकणं. आधी सहा महिने अपूर्णांक, ऋण संख्या, टक्केवारी करून घ्या.

भाषेचाही घोळ आहे. उर्दू शाळेत मूल मुसल्लस, ज़ाविया, कसर, मसावात शिकतं. शेजारचं मराठी शाळेतलं मूल तेच त्रिकोण, कोन, अपूर्णांक, समीकरण म्हणून शिकतं, आणि सेमी-इंग्रजीत त्याची इंग्रजी नावं येतात. अम्मी उर्दूतून शिकलेली, मुलगा सेमीत, अब्बा मराठी शाळेतले, मग घरात तिघांपैकी कुणीच कुणाला समजावू शकत नाही. येत असतं तिघांनाही, नाव फक्त वेगळं. एका कागदावर वीस-पंचवीस शब्द तिन्ही भाषांत लिहून कपाटाच्या दाराला चिकटवले तरी मोठं काम होतं. अकरावीला माध्यम बदलतं तेव्हाही हाच कागद उपयोगी पडतो.

शिकवणी लावायचीच असेल तर सरांना पहिला प्रश्न हा विचारा : मागचं शिकवाल का? फक्त दहावीचा पोर्शन संपवणारी शिकवणी कच्च्या मुलाला फारशी कामाची नाही. आणि शिकवणी परवडत नसेल तर बालभारतीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवरून मोफत उतरवता येतात, मराठी आणि उर्दू दोन्ही. मे महिन्याच्या सुट्टीत सहावीचं गणित दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी उघडा, अम्मीने उर्दू पान धरायचं, मुलाने मराठी, आणि अपूर्णांकाच्या धड्यापासून सुरुवात करा.