देवास गेटला उतरा, पाच दिवस चाला

उज्जैन रेल्वे स्टेशनजवळच्या देवास गेट बसस्थानकाला राजाभाऊ महाकाळ यांचं नाव आहे. १९५५च्या गोवा सत्याग्रहात ते हुतात्मा झाले. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात माळव्यातली माणसं गाठोडी घेऊन इथे उतरतात, ती पंचक्रोशी यात्रेसाठी. वाट सुमारे ११८ किलोमीटरची, पायी. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडे बळ मागायचं आणि निघायचं. पिंगळेश्वर, करोहन, अंबोदिया, जैथल ही चार दिशांच्या द्वारपाल महादेवांची ठिकाणं. शिवाय उंडासा तलावाकाठचा पडाव.

यात्रेचा खरा जीव पडावावर. डोक्यावरच्या गाठोड्यातून पीठ, डाळ, तूप निघतं. गोवऱ्या पेटतात, निखाऱ्यांत बाट्या फुगून तडकतात. फडक्यात घोळून राख झटकली, की बाटी थेट तुपात! चुलीला चूल लागून असते, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागत नाही. रात्री भजनं, आणि ऊन चढायच्या आत अंतर कापायचं म्हणून अंधारातच पुन्हा वाट. यात्रा संपली की नागचंद्रेश्वराला मातीचा घोडा वाहून घेतलेलं बळ परत करतात; इतकी सुंदर परतफेड क्वचितच पाहायला मिळते.

जाणाऱ्यांनी तिथी नीट पाहावी. यात्रा वैशाख वद्य दशमी ते अमावस्या अशी असते, पण तिकडचा महिना पौर्णिमान्त. आपल्या पंचांगात ती चैत्र वद्य दशमी. तिकीट त्या हिशेबानेच काढा.