सोळा जीबीत एक मावेना

कचेरी कल्पनेतली आहे, बिघाड मात्र खरा. तारीख १६ ऑक्टोबर २०१४, वार गुरुवार. पुण्यात एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर वीसेक माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि तिथली सगळी मशीनं सांभाळणारी एक बाई आहे. पगारपत्रकावर तिचं पद सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, एरवी नुसतं 'मॅडम'.

सकाळी पावणेनऊ

मॅडमची पहिली फेरी यूपीएसपाशी. गुरुवारी पुण्यात पाणी जातं आणि पुष्कळदा देखभालीच्या नावाखाली वीजही. बॅटरीचे दिवे हिरवे आहेत. रात्रीचा बॅकअप पूर्ण झालेला आहे. आदल्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं, कचेरी बंद होती. त्यामुळे आज चहापाशी जो तो शाई लागलेलं बोट नाचवत कोण येणार ते सांगतोय. मोजणी रविवारी आणि दिवाळी पुढच्या आठवड्यात. त्याआधी एका साखर कारखान्याला वजनकाट्याचा प्रोग्राम दुरुस्त करून द्यायचा आहे. गळीत हंगाम कुणासाठी थांबत नाही.

सव्वानऊ

"मॅडम, जरा येता का? एक्सपी उठत नाहीये."

ही एक्सपी म्हणजे खोक्यात ठेवलेला जुना कॉम्प्युटर नव्हे. कारखान्याच्या काट्यावर अजून विंडोज एक्सपी चालते. मायक्रोसॉफ्टने याच वर्षी ८ एप्रिलला तिचा आधार काढून घेतला, पण त्यामुळे कारखाना काही मशीन बदलत नाही. म्हणून इथे प्रोग्रामरच्या विंडोज ८.१ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन १० घातलंय आणि त्याच्या पोटात एक्सपी. यजमान आणि पाहुणा. पाहुण्याची मागणी फक्त एक जीबी मेमरीची.

पडद्यावर चौकट आली आहे. या व्हर्च्युअल मशीनला ठरलेल्या सेटिंगनुसार चालू करण्याइतकी प्रत्यक्ष मेमरी उपलब्ध नाही, असं ती म्हणते.

मॅडम टास्क मॅनेजर उघडतात. एकूण १६ जीबी. वापरात चारच्याही आत. बाराच्या आसपास मोकळी. निळा आलेख तळाला निजलाय.

"काल चालू होतं?"

"परवा संध्याकाळपर्यंत मस्त चालू होतं."

साडेनऊ ते अकरा

सपोर्टच्या धंद्यात या दीड तासाला कुणी काम म्हणत नाही, पण दिवसाचं खरं काम हेच. पाहुण्याची मेमरी १०२४ वरून ५१२ वर आणली. तोच निरोप. मग प्रेफरन्सेसमधलं मेमरीचं पान. तिथे तीन पर्याय असतात: सगळी व्हीएम खऱ्या रॅममध्येच बसवा, थोडी डिस्कवर टाकू द्या, बरीचशी डिस्कवर टाकू द्या. मॅडमनी तिसरा निवडला. तोच निरोप. मशीन रीस्टार्ट केलं. तोच निरोप.

पंगतीत पानं मांडून ठेवलीत, निम्मीअधिक रिकामी आहेत आणि वाढपी दारातूनच सांगतोय की जागा नाही. अशा वेळी आणखी पानं मांडून काय होणार? वाढपी काय मोजतोय ते बघायला हवं.

साहेबांचं म्हणणं मात्र सरळ असतं. "अहो, मेमरी कमी म्हणतंय ना? मग टाकू की. हार्डवेअरवाल्याला फोन करा, आठ-आठच्या दोन पट्ट्या मागवा." साहेब वाईट नाहीत. ते चौकटीत लिहिलेलं वाचतात आणि त्यावर विश्वास ठेवतात. मॅडम फोन करतात. साहेबांशी वाद घालण्यापेक्षा फोन लवकर होतो.

अकरा

दुसरं मशीन. तीच चौकट. शेजारच्या तिसऱ्या मशीनवर मात्र एक्सपी दिमाखात चालली आहे. तिन्ही मशीनं एकाच दिवशी, एकाच दुकानातून आलेली, रॅम सारखीच. आता रॅमचा संशय मॅडमच्या डोक्यातून पार गेला.

हे समजायला व्हीएमवेअरचा आतला कारभार थोडा ठाऊक हवा. वर्ड किंवा ब्राउझर मेमरी मागतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम त्याला आश्वासन देते आणि खरी पानं लागतील तशी पुरवते. व्हर्च्युअल मशीनचं तेवढ्यावर भागत नाही. पाहुण्याला आपण खऱ्या लोखंडावर उभे आहोत असं वाटायला हवं, म्हणून यजमानाच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच, एक ड्रायव्हर शिरून बसतो. त्याचं नाव व्हीएममॉन. पाहुणा सुरू करण्याआधी यजमानाकडे मेमरी किती, तिच्यातली किती अडकवून ठेवता येईल, हा हिशेब लागतो. कर्नलच्या आत कुणी भिंत हलवली तर वर्डला पत्ता लागत नाही, व्हीएममॉनला लगेच लागतो.

आणि कर्नलमधल्या भिंती हलवण्याचा दिवस ठरलेला आहे. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, ही पद्धत २००३ पासूनची. ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टकडे सकाळचे दहा, पॅच निघायची वेळ, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. म्हणजे मंगळवारी रात्री, मतदानाच्या आदल्या दिवशी.

"काल कचेरीत कोण आलं होतं?"

दोन हात वर होतात. दोघेही मतदान करून दुपारी येऊन बसले होते, शांततेत काम होतं म्हणून. अपडेट आलेत असं दिसल्यावर दोघांनी यादीतल्या सगळ्या चौकोनांवर टिचक्या मारल्या होत्या, जरुरीच्या आणि ऐच्छिकही. ज्या दोघांचं मशीन अडलं ते हेच दोघे.

बारा

मॅडम चांगल्या मशीनची अपडेटची यादी छापून घेतात, बिघडलेल्याची शेजारी ठेवतात आणि पेन्सिलीने खुणा करत खाली येतात. पडद्यावरही तुलना करता आली असती, पण कागदावर डोळा चुकत नाही, असं त्यांचं मत. वरचे बरेचसे आकडे जुळतात. जुळत नाहीत त्यांत एक आहे केबी २९९५३८८, विंडोज ८.१ चा ऑक्टोबरचा अपडेट रोलअप. रोलअप म्हणजे पन्नास बारीकसारीक दुरुस्त्यांचं एक गाठोडं. कुठल्या दुरुस्तीने काय हललं हे बाहेरून सांगता येत नाही.

एक

डबे उघडले. विषय अर्थातच अपडेट. ऑगस्टची आठवण ताजी आहे. एमएस १४-०४५ नावाच्या पॅचमुळे काही मशीनं निळ्या पडद्यावर अडकली होती आणि मायक्रोसॉफ्टला तो मागे घ्यावा लागला होता. त्यामुळे टेबलाचा निकाल एकमुखी: "बंदच करून टाका ना हे अपडेट, मॅडम."

मॅडम नाही म्हणतात, आणि इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. याच मंगळवारच्या गठ्ठ्यात एमएस १४-०६० आहे. साधी दिसणारी पॉवरपॉइंटची फाइल उघडली की मशीन परक्याच्या हाती जाईल असं भोक त्याने बुजतं, आणि पॅच येण्याआधीपासून त्या भोकातून हल्ले चालू होते. त्याच दिवशी गूगलच्या लोकांनी एसएसएल ३.० मधली पूडल ही खोट जाहीर केली. सप्टेंबरात शेलशॉक नावाचं भोक सापडलंच होतं. अशा हंगामात अपडेट बंद ठेवणं म्हणजे काट्याचा प्रोग्राम वाचवायला तिजोरी उघडी टाकणं. काढायचा तो एकच काढायचा, बाकीचे राहू द्यायचे.

अडीच

कमांड प्रॉम्प्ट उघडून मॅडम 'वुसा' ही आज्ञा देतात, पुढे अनइन्स्टॉल आणि त्या केबीचा आकडा. मशीन विचारतं, नक्की? नक्की. पट्टी सरकते, रीस्टार्ट होतं, टक्क्यांचा आकडा रेंगाळतो. आणि नेमकी वीज जाते. यूपीएस टीं-टीं करू लागतो, पंखे थांबतात, टक्के मात्र चालू राहतात. सकाळची फेरी कशाला असते ते असं कळतं.

लॉगिन. व्हीएमवेअर. पॉवर ऑन. काळा पडदा, मग एक्सपीची सरकती पट्टी, मग ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. मेमरी तीच १६ जीबी. पाहुण्याला त्याचा एक जीबी पुन्हा दिला, तोही बसला.

दुसऱ्या मशीनला पंधरा मिनिटं लागली. तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चार

खात्री म्हणून मॅडम एका फावल्या मशीनवर तोच रोलअप मुद्दाम चढवतात. एक्सपी अडते. काढतात, उठते. आता हे कुणालाही लिहून देता येईल.

व्हीएमवेअरनेही पुढे हाच रोलअप नाव घेऊन सांगितला आणि तो काढता येत नसेल त्यांच्यासाठी दुसरी वाट दिली. सी ड्राइव्हच्या लपवलेल्या प्रोग्रामडेटा फोल्डरमधली व्हीएमवेअरची कॉन्फिग फाइल उघडायची, तिच्यात एक ओळ घालायची, 'व्हीएममॉन डॉट डिसेबल-होस्ट-पॅरामीटर्स', बरोबरच्या चिन्हापुढे 'ट्रू', आणि यजमान रीस्टार्ट करायचा. यजमानाकडून येणारे आकडे घेऊ नकोस, एवढंच त्या ओळीच्या नावावरून कळतं. अख्खी मेमरी जागच्या जागी होती. भांडण आकड्यांचं होतं.

उलटा प्रकारही असतो. २०२० साली विंडोजमध्येच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल २ आली, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये 'व्हीएममेम' नावाची प्रक्रिया फुगत जाऊन मेमरी खरोखरच संपत असे. सुरुवातीला तिला यजमानाच्या ८० टक्क्यांपर्यंत मुभा होती, मग ती मर्यादा कमी केली गेली. तिथे साहेबांची रॅम कामाला आली असती.

साडेपाच

कचेरीभर मेल. त्यात चारच ओळी: ऐच्छिक अपडेटना हात लावू नका, केबी २९९५३८८ दिसला तर त्यावर उजवी टिचकी मारून 'हाइड' करा, बाकीचे सगळे आज रात्री घ्या, शंका असेल तर आधी विचारा, टिचकी नंतर. मेल जातो न जातो तोच कोपऱ्यातून आवाज येतो, "मॅडम, मी मघाशी सगळे टाकले... चालेल ना?"

साडेसहा

हार्डवेअरवाला रॅमच्या दोन पट्ट्या घेऊन दारात. "मॅडम, सकाळी अर्जंट म्हणालात." साहेब केबिनमधून डोकावतात. "आता लागणार नाही ना? परत पाठवू?"

"नको सर. अकाउंट्सचं मशीन दोन जीबीवर रडतंय कधीपासून. जागा आहे त्यात, बसताहेत का ते बघते." हार्डवेअरवाल्यासाठी चहा सांगून त्या बिलावर सही करतात आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतात.