बाबांच्या गुडघ्यांना झेपणारी वाट: लेक क्रेसेंट

उन्हाळा आला की सिएटलच्या आसपासच्या मराठी घरांत एक पेच ठरलेला. भारतातून आई-बाबा आलेले, मुलांना डोंगरात जायचंय आणि बाबा म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी गाडीत बसतो." आमच्याकडेही गेल्या वर्षी हेच झालं. म्हणून आज ऑलिम्पिक नॅशनल पार्कमधली, लेक क्रेसेंटच्या काठाने जाणारी स्प्रूस रेलरोड ट्रेल.

नावात रेल्वे आहे, आणि सगळी मेख तिथेच. लोखंडी रुळावर लोखंडी चाक. चढ जरा वाढला की ते घसरतं. कर्जतला घाट चढायला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, आठवतंय ना? तिथला चढ ३७ फुटांमागे १ फूट, आणि रेल्वेच्या हिशेबात तोही भयंकर! म्हणून रेल्वे बांधणारे शक्यतो चढतच नाहीत, डोंगर कापतात नाहीतर बोगदा काढतात. त्याचा फायदा आज बाबांच्या गुडघ्यांना.

पहिल्या महायुद्धात विमानं लाकडाची असत आणि स्प्रूसचं लाकूड हलकं, चिवट. ते जंगलातून काढायला अमेरिकन लष्कराने सैनिक लावून १९१८ मध्ये ही लाइन टाकली. ती पूर्ण होईपर्यंत युद्धच संपलं! रिक्वायरमेंट मेल्यावर डिलिव्हर झालेले प्रोजेक्ट मी बरेच पाहिलेत, पण एवढा मोठा नाही. पुढे बरीच वर्षं तिच्यावरून साधे ओंडके वाहिले.

पोर्ट एंजेलिसहून हायवे १०१ ने पश्चिमेला या, ईस्ट बीच रोडला वळा. वाट डांबरी आहे. स्ट्रोलर, व्हीलचेअर चालते. सायकलीही येतात, मुलांना एका बाजूने चालवा. साधारण मैलभरावर मॅकफी बोगदा लागतो. आत अंधार, टॉर्च हवाच. बोगद्याला वळसा घालून तळ्याच्या बाजूने जुनी पायवाट डेव्हिल्स पंचबोलच्या छोट्या पुलावर जाते. ती मात्र खडबडीत आहे.

पुलाजवळ पाण्यात उड्या मारणारी मुलं दिसतील. आपल्या मुलांना नाही म्हणा, रुसली तरी. पाण्यात नायट्रोजन कमी, शेवाळ फारसं वाढत नाही, म्हणून ते काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि खोली कळत नाही. तळं सुमारे ६०० फूट खोल आहे. पाणी उन्हाळ्यातही गार. अचानक गारठ्याने श्वास आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. काठाच्या झुडपांत पॉयझन ओकही आहे. तीन-तीन पानांचं काही दिसलं तर हात लावू नका, खाज सुटते.

वाट सपाट असल्याने किती आलो ते लक्षात येत नाही. आम्ही बोगदा ओलांडून परतलो, दोन मैलांहून थोडं जास्त झालं. घडीची खुर्ची नेली होती, बाबा त्यात दोनदा बसले. मोबाइलला रेंजचा भरवसा नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या.

आणि परतताना हूड कॅनॉलचा पूल बोटींसाठी उघडला तर बराच खोळंबा होतो. डब्यात दोन थालीपिठं शिल्लक ठेवा.