जगज्जेती; पण दाराबाहेर!

एखाद्या विषयांत साऱ्या जगांत पहिला नंबर मिळवावा, आणि त्याच विषयाची सर्वांत मोठी परीक्षा भरेल तेव्हां मात्र मंडपाबाहेर उभें राहावें, असा प्रसंग कोणावर आल्यास त्यास काय म्हणावें? ज्यांचा जन्म परीक्षा घेण्यांत व पेपर तपासण्यांत गेला, त्या आम्हांस हा प्रश्न केवळ कल्पित वाटला असता. परंतु अमेरिकेंतील एका तरुणीवर तो अक्षरशः ओढवला. तिचें नांव लिंडसे व्हॅन. बर्फावरून हवेंत झेप घेण्याच्या खेळांतील ही स्त्रियांची पहिली जगज्जेती होय.

हें नांव ऐकून आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, ही आपल्या परिचयाची आहे. परंतु त्यांच्या मनांत बहुधा लिंडसे व्हॉन असावी. ती दुसरी, तीहि अमेरिकन, तीहि बर्फावरील खेळांतच नांवाजलेली. पर्वताच्या उतारावरून ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें खालीं येण्याच्या शर्यतींत व्हॉनबाईंनीं २०१० सालीं व्हँकुव्हरच्या हिंवाळी ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविलें. आमची व्हॅन मात्र त्याच ऑलिंपिकांत प्रेक्षकांच्या बाजूस राहिली. दोन नांवांत एका स्वराचा फरक, दैवांत केवढा!

हा खेळ कसा?

ज्या देशांत बर्फ केवळ पेल्यांत दिसतें, तेथील वाचकांस हा खेळ थोडा समजावून सांगणें अवश्य आहे. पायांस लांब, चिंचोळ्या, पुढून वर वळलेल्या दोन फळ्या बांधतात. त्यांस स्की म्हणतात. डोंगराच्या अंगावर एक उंच, उतरती घसरण बांधलेली असते. खेळाडू तिच्या माथ्यावर आडव्या दांड्यावर बसतो आणि हात सोडून देतो. मग गुडघे छातीशीं, हात पाठीमागें, अशा बैठकींत तो घसरत येतो. घसरण संपते तेथें त्याचा वेग ताशीं सुमारें नव्वद किलोमीटर झालेला असतो. त्याच क्षणीं त्यानें पाय ताणून हवेंत झेपावयाचें. क्षणभर आधीं किंवा क्षणभर उशिरा झाल्यास सारी उडी वायां जाते.

पाहणारास वाटतें कीं तो आकाशांत वर उसळतो. वस्तुतः घसरणीचें टोंक किंचित् खालींच झुकलेलें असतें. खेळाडू वर जात नाहीं, हवेवर पहुडतो. अंग पुढें झोंकून, फळ्यांचीं पुढचीं टोंकें फांकवून तो पक्ष्यासारखा तरंगतो. ही फळ्या फांकविण्याची रीत यान बोक्लोव्ह नांवाच्या स्वीडिश खेळाडूनें १९८० नंतरच्या दशकांत रूढ केली. आरंभीं पंच त्याच्या शैलीचे गुण कापीत. पुढें सर्वांनीं तीच उचलली. विद्वत्सभांतून जें घडतें तेंच येथेंहि घडलें.

गुणदानाची पद्धति आम्हां शिक्षकांस मोठी पसंत पडण्याजोगी आहे. टेकडीवर एक ठराविक रेषा असते. तेथवर पोहोंचल्यास ६० गुण, पुढें गेल्यास अधिक, अलीकडे पडल्यास वजा. शिवाय पांच पंच प्रत्येकीं वीसपैकीं शैलीचे गुण देतात. त्यांतील सर्वांत मोठा व सर्वांत लहान आंकडा सोडून देतात, म्हणजे कोणाचा लोभ नको आणि कोणाचा द्वेषहि नको. उतरतांना एक पाय पुढें व एक मागें ठेवून, गुडघे लवून, हात पसरून टेकावें लागतें.

आणखी एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील कथेचें मर्म तींत आहे. खेळाडू ज्या टेकडीवर उतरतो ती त्याच्या उड्डाणाच्या रेषेबरोबरच खालीं वळत गेलेली असते. त्यामुळें तो शंभर मीटर दूर गेला तरी जमिनीपासून फार उंच कधींच नसतो, आणि उतरतो तो तिरपा. त्यास आपटणें म्हणत नाहींत, टेकणें म्हणतात.

लुगड्याच्या नव्हे, पण घागऱ्याच्या काळापासून

हा खेळ नॉर्वेचा. तेथें ट्रायसिल गांवीं १८६२ सालीं इंग्रिड ओल्सडाटर व्हेस्टबी नांवाच्या मुलीनें उडी घेतल्याची नोंद आहे. १९११ त ऑस्ट्रियांत किट्झब्यूल येथें पाउला लाम्बर्ग या सरदार घराण्यांतील स्त्रीनें पायघोळ घागरा नेसून २२ मीटर उडी मारली. पुढें नॉर्वेच्या योहाना कोल्स्टाड हिनें १९३८ त अमेरिकेंत ७२ मीटरांपर्यंत मजल नेली. तेव्हां स्त्रियांस हें जमत नाहीं असें म्हणण्यास जागा उरली नव्हती. तथापि हिंवाळी ऑलिंपिक १९२४ सालीं सुरू झालें तें पुरुषांच्या उड्या घेऊन, आणि स्त्रियांच्या उड्यांस तेथें स्थान मिळण्यास नव्वद वर्षें लागलीं.

कारण काय? स्त्रीच्या नाजुक शरीरास असले धक्के सोसवणार नाहींत, ही समजूत. ती जुन्या काळींच मावळली असेल असें कोणास वाटेल, तर तसें नाहीं. आंतरराष्ट्रीय स्की-संघाचे अध्यक्ष जान-फ्रँको कास्पर यांनीं २००५ सालीं आकाशवाणीवरील मुलाखतींत असा अभिप्राय दिला कीं, हा खेळ म्हणजे वर्षांतून हजार वेळां दोन मीटरांवरून जमिनीवर उडी टाकण्यासारखा आहे, आणि वैद्यकीय दृष्टीनें तो स्त्रियांस योग्य दिसत नाहीं. टेकडीचा उतार आम्हीं वर सांगितलाच आहे. तो पाहिलेला असूनहि इतक्या अधिकारी गृहस्थानें असें म्हणावें, यावरून पूर्वग्रहाची शक्ति किती मोठी असते तें दिसतें. ज्या स्त्रियांस उतारावरून ताशीं शंभर किलोमीटरांच्या वेगानें खालीं येण्यास कोणाची हरकत नव्हती, त्यांच्याच गुडघ्यांची काळजी येथें मात्र उत्पन्न झाली!

लिंडसेची वाटचाल

लिंडसे व्हॅनचा जन्म २७ नोव्हेंबर १९८४ चा, डेट्रॉइट शहरांतील. ती वाढली मात्र युटा संस्थानांतील पार्क सिटी या डोंगरी गांवीं, आणि लहानपणींच तेथील उड्यांच्या टेकडीवर जाऊं लागली. याच टेकड्यांवर २००२ सालीं सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकांतील उड्या झाल्या. त्या वेळीं ती सतरा वर्षांची होती. ज्या घसरणीचा प्रत्येक उंचवटा तिच्या पायांस पाठ होता, तिच्यावर जगांतील पुरुष उतरले. मुलींसाठीं मात्र स्पर्धाच नव्हती.

स्त्रियांसाठीं आंतरराष्ट्रीय सामन्यांची मालिका २००४-०५ च्या हिंवाळ्यांत सुरू झाली, आणि लिंडसे पहिल्या पंक्तींत आली. २००६ सालीं दोन निर्णय झाले. स्की-संघानें ठरविलें कीं २००९ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांत स्त्रियांच्या उड्या असाव्या. ऑलिंपिक समितीनें मात्र ठरविलें कीं २०१० च्या व्हँकुव्हरच्या खेळांत त्या नसाव्या. खेळणाऱ्या स्त्रिया थोड्या, देश थोडे, खेळ अद्यापि पुरेसा पक्व नाहीं. त्याच बैठकींत स्की-क्रॉस नांवाच्या नव्या शर्यतीस पुरुष व स्त्रिया या दोघांसाठींहि प्रवेश मिळाला.

येथें आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमच्या नोकरीच्या काळांत एका शाळेच्या वार्षिक खेळांतून मुलींची लांब उडी वगळण्यांत आली. नांवें तीनच आलीं, तेवढ्यासाठीं स्पर्धा कशास, असें कारण कागदावर लिहिलें गेलें. आणि तें सुवाच्य अक्षरांत लिहिणारे आम्हीच होतों. त्या तिघींपैकीं एक मुलगी आमच्याकडे आली. ती म्हणाली, "सर, तिघीच आहोंत म्हणून नाहीं, कीं मुली आहोंत म्हणून नाहीं?" आम्हीं तिला अभ्यासाकडे लक्ष देण्यास सांगितलें. पुढील वर्षीं एकहि नांव आलें नाहीं, आणि आमचें कारण खरें ठरलें! स्पर्धा नाहीं म्हणून मुली येत नाहींत, आणि मुली येत नाहींत म्हणून स्पर्धा नाहीं. न्यायशास्त्रांत यास अन्योन्याश्रय दोष म्हणतात. तो आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत होतों.

असो. २० फेब्रुवारी २००९ रोजीं चेकियांतील लिबेरेक येथें स्त्रियांचा पहिला जागतिक सामना झाला. जर्मनीची उल्रिके ग्रेसलर दुसरी आली, नॉर्वेची आनेटे सागेन तिसरी, आणि चोविसाव्या वर्षीं लिंडसे व्हॅन पहिली. व्हँकुव्हरचे खेळ अवघ्या एका वर्षावर आले होते. जगज्जेती सिद्ध होती. दार बंद होतें.

न्यायालयाच्या पायरीवर

तेव्हां लिंडसे व तिच्यासारख्या निरनिराळ्या देशांतील आजी-माजी उडीपटू स्त्रियांनीं कॅनडांतील न्यायालयाकडे धांव घेतली. त्यांचें म्हणणें सरळ होतें: खेळ सरकारी पैशाच्या बळावर कॅनडांत भरणार, कॅनडाच्या राज्यघटनेंत समान हक्कांची सनद आहे, तर तेथील संयोजक समितीनें पुरुषांच्या उड्या ठेवून स्त्रियांच्या वगळणें बेकायदा आहे.

१० जुलै २००९ रोजीं ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयांत न्यायमूर्ति लॉरी अ‍ॅन फेनलन यांनीं निकाल दिला. तो आम्हांस मोठा मननीय वाटतो. स्त्रियांच्या बाबतींत भेदभाव झाला आहे, हें न्यायमूर्तींनीं स्पष्ट मान्य केलें. इतकेंच नव्हे, तर नव्या खेळांस लावलेली कसोटी पुरुषांच्या उड्यांसहि उतरत नव्हती. त्या केवळ परंपरेच्या सवलतीवर टिकून होत्या, हीहि गोष्ट पुढें आली. परंतु कोणता खेळ घ्यावा हें ठरविणारी आंतरराष्ट्रीय समिति कॅनडाच्या सनदेच्या कक्षेबाहेर, आणि संयोजकांच्या हातीं तो अधिकारच नाहीं. म्हणून न्यायालयास उपाय करतां येत नाहीं. अन्याय सिद्ध, पण प्रतिकार अशक्य! अपिलांतहि निराळें कांहीं झालें नाहीं.

मग फेब्रुवारी २०१० उजाडला. ज्या लहान टेकडीवर ऑलिंपिकांतील उड्या व्हावयाच्या होत्या, तिच्यावरील सर्वांत लांब उडी खेळ सुरू होतांना कोणाची नोंदलेली होती? १०५.५ मीटरांची, लिंडसे व्हॅनची. स्त्रियांतील नव्हे, स्त्रीपुरुषांत मिळून. तो उच्चांक पुरुषांनीं त्या खेळांत मोडला खरा. परंतु ज्या टेकडीवर जिची उडी सर्वांत लांब, तिलाच त्या टेकडीवर उतरण्याची मनाई, असें दृश्य खेळांच्या इतिहासांत विरळाच.

दार उघडलें

एप्रिल २०११ मध्यें ऑलिंपिक समितीनें अखेर होकार दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत स्त्रियांच्या विश्वचषकाची मालिका सुरू झाली. तिचा पहिला सामना व पहिला चषक दोन्ही सारा हेंड्रिक्सन हिनें जिंकले. ही कोण? पार्क सिटीचीच, लिंडसेहून जवळजवळ दहा वर्षांनीं लहान, त्याच टेकड्यांवर वाढलेली.

११ फेब्रुवारी २०१४ रोजीं रशियांत सोची येथें तीस स्त्रिया ऑलिंपिकांतील पहिल्या उड्यांसाठीं उभ्या राहिल्या. सर्वांत प्रथम घसरणीवरून सुटण्याचा मान साराकडे आला. सुवर्णपदक जर्मनीच्या कारीना फोग्टनें नेलें. तिनें तोंवर विश्वचषकाचा एकहि सामना जिंकलेला नव्हता. ऑस्ट्रियाची डॅनिएला इराश्को-स्टोल्झ दुसरी, फ्रान्सची कोलीन मात्तेल तिसरी. आणि लिंडसे व्हॅन? तिचें वय एकोणतीस झालें होतें. तिचा क्रमांक पंधरावा आला.

गुणपत्रिका हातांत घेऊन मुलाची योग्यता ठरविण्याची आम्हां शिक्षकांस खोड असते. 'पंधरावी' एवढेंच वाचणारा मनुष्य चुकेल. कारण त्या यादींतील चौदाजणींच्या वरच्या नांवांस जो मंडप मिळाला, तो ठोकणाऱ्यांत ही पंधरावी होती. आंब्याची कोय लावणारास फळ खावयास मिळेलच असें नाहीं, हें आपल्या घरांतून वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. परंतु ज्यानें कोय लावली त्याचें नांव तरी पुढच्यांनीं घ्यावें कीं नाहीं?

तें झाड आज चांगलें वाढलें आहे. २०२२ त बीजिंग येथें स्त्रीपुरुषांचा मिश्र सांघिक सामना ऑलिंपिकांत आला. २०२६ च्या इटलींतील खेळांत स्त्रियांस मोठी टेकडीहि मिळाली. त्याहून प्रचंड अशा नॉर्वेंतील व्हिकरसुंडच्या टेकडीवर २०२३ त स्त्रियांचा पहिला सामना झाला, आणि तेथेंच २०२५ सालीं स्लोव्हेनियाच्या निका प्रेव्हट्स हिनें २३६ मीटरांची झेप घेतली. ज्या देहास दोन मीटर सोसवणार नाहींत असें सांगितलें गेलें होतें, त्याच देहाचा हा पराक्रम!

आम्हांस मात्र अलीकडे ती जुनी शाळा आठवते. त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं तेव्हां दिलें नाहीं. आतां ती कोठें असेल ठाऊक नाहीं. कदाचित् तिच्या घरीं हें मासिक जात असेल, कदाचित् तिची नात आज मैदानावर जात असेल. तिनें हें वाचल्यास तिला एवढेंच सांगावयाचें आहे: बाई, तुझा प्रश्न बरोबर होता. तिघी होतां म्हणून नव्हे. आणि तीन नांवें हीं स्पर्धेस पुरेशीं होतीं.