मोटारींतील बॅटरीचें स्थलांतर

डोंगरवाटांनीं, नदीच्या पात्रांतून व वाळूंतून चालण्यासाठीं बांधलेल्या जीप-जातीच्या गाड्या हल्लीं पुष्कळ घरीं दृष्टीस पडतात. महिंद्रा कंपनीनें १९४७ सालीं मुंबईस विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला, तेव्हांपासून ही गाडी आपल्या प्रांतास परिचित आहे. ज्या घरीं अशी गाडी असते, तेथील तरुणांस तींत आपल्या सोयीप्रमाणें फेरफार करण्याची हौसही असते. अशा फेरफारांपैकीं एक म्हणजे बॅटरी बॉनेटखालून काढून आसनाखालीं अथवा गाडीच्या मागील भागांत नेऊन बसविणें. वरवर पाहतां हें काम एखादें कपाट या खोलींतून त्या खोलींत नेण्याइतकें सोपें वाटतें. वस्तुतः तसें नाहीं. बॅटरी दूर नेली म्हणजे तिच्यापासून इंजिनापर्यंत जाणारी तार लांबते, आणि या कामांतील मोठ्यांत मोठा धोका त्या लांबलेल्या तारेंतच असतो. तो कसा व त्याचें निवारण कोणतें, हें क्रमानें पाहूं.

प्रथम, बॅटरी हलविण्याची इच्छा कां होते? याचीं मुख्य कारणें तीन. पहिलें कारण उष्णता. इंजिनाशेजारीं असलेली बॅटरी सदैव तापत राहते, आणि उष्णता वाढली कीं तिच्या आंतील शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात. सर्वसाधारण अनुभव असा कीं, तपमान सुमारें १० अंश सेल्सिअसनें कायम वाढलें तर बॅटरीचें आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें. दुसरें कारण जागा. चिखलांत रुतलेली गाडी ओढून काढण्याचें विंच, तंबूंतील दिव्यांसाठीं दुसरी बॅटरी, हवा भरण्याचा पंप, इत्यादि उपकरणें बसवावयाचीं म्हणजे बॉनेटखालील जागा अपुरी पडते. तिसरें कारण वजन. पुढें विंच बसविल्यानें गाडीचें नाक जड होतें. तें हलकें करावें असें वाटतें.

या तिसऱ्या कारणाची मात्र आपण शाळेंत शिकलेल्या तरफेच्या नियमानें परीक्षा करूं. समजा, बॅटरीचें वजन १७ किलो आहे व गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आंसांत २.४ मीटर अंतर आहे. बॅटरी १.८ मीटर मागें नेली तर पुढच्या आंसावरून मागच्या आंसावर जाणारा भार १७ × १.८ ÷ २.४, म्हणजे पावणेतेरा किलो इतकाच होतो. दीड-दोन हजार किलोंच्या गाडींत हा लाभ अल्प आहे. म्हणून केवळ वजनासाठीं हा खटाटोप करणें शहाणपणाचें नव्हे. उष्णता किंवा जागा यांची खरी अडचण असेल तरच तो करावा.

गाड्या बनविणाऱ्या कंपन्यांनींही बॅटरी बॉनेटबाहेर ठेविलेली आहे. लँड रोव्हर डिफेंडरची जी जुनी घडण २०१६ पर्यंत निघत होती, तींत बॅटरी पुढच्या आसनाखालील पेटींत असे. १९८९ सालीं निघालेल्या माझदा एम्. एक्स्. ५ या लहान गाडींत ती मागें सामानाच्या जागेंत होती. बी. एम्. डब्ल्यू. कंपनीच्या, बॅटरी मागें असलेल्या कित्येक गाड्यांत तर धन अग्रावरील पकडींत एक लहानशी स्फोटक गोळी बसविलेली असते. अपघाताचा धक्का बसतांच ती उडते व स्टार्टरकडे जाणारी तार बॅटरीपासून तोडून टाकते. ज्यांनीं बॅटरी मागें नेली, त्यांनींच लांब तारेचें भय ओळखून तिच्यावर असा पहारा बसविला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां त्या तारेचा विचार करूं. मोटारीच्या बॅटरींत सहा घट असतात व पूर्ण भारित असतां तिचा विद्युद्दाब सुमारें १२.६ व्होल्ट भरतो. इंजिन सुरू करतांना स्टार्टर २०० आंपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारें ०.०१७ ओहम असतो. तार पांच मीटर लांब व १६ चौरस मिलिमीटर छेदाची घेतली तर तिचा रोध ०.००५३ ओहम होतो. ओहमच्या नियमानें २०० आंपिअरांस १ व्होल्टाहून अधिक दाब तारेंतच खर्च होतो. त्या क्षणीं बॅटरीचा स्वतःचा दाबही दहा-अकरा व्होल्टांपर्यंत उतरलेला असतो; त्यांतून आणखी एक व्होल्ट गेल्यास थंडीच्या सकाळीं इंजिन फिरण्यास कुरकुर करणारच. तीच तार ५० चौरस मिलिमीटर छेदाची घेतल्यास नुकसान सुमारें ०.३४ व्होल्ट एवढेंच होतें. जुन्या विलीज जीपसारख्या ६ व्होल्टांच्या गाडींत तर तेवढ्याच शक्तीसाठीं दुप्पट प्रवाह लागतो, आणि मुळांत दाब निम्मा. सबब तेथें शेंकडा नुकसान चौपट होतें. बारीक तारेचा दुसरा तोटा असा कीं, आल्टरनेटरकडून परत येणारा भरणाही वाटेंत घटतो. बॅटरी कधींच पुरी भरत नाहीं व अकालीं निकामी होते.

प्रवाहास जाण्याची वाट लागते तशी परतण्याचीही लागते. गाडींत ही परतीची वाट बहुधा लोखंडी सांगाडा असतो. म्हणून बॅटरीचें ऋण अग्र तितक्याच जाड तारेनें सांगाड्यास जोडावें, जोडाच्या जागेवरील रंग व गंज खरवडून काढावा, आणि जोडावर ग्रीस लावावें. इंजिन रबराच्या बैठकींवर बसलेलें असतें. रबर विजेस वाट देत नाहीं. यासाठीं इंजिन आणि सांगाडा यांस जोडणारी जाड पट्टी शाबूत आहे ना, हें पाहणें अगत्याचें आहे. ती नसल्यास प्रवाह आपली वाट अन्यत्र शोधतो व एक्सलरेटरच्या बारीक दोरासारख्या वस्तु तापवून जाळतो.

आतां मुख्य मुद्दा. बॅटरी इंजिनाशेजारीं असतां स्टार्टरची तार हात-दीड हात लांब असते व पुष्कळ गाड्यांत तिच्यावर फ्यूज नसतो. तार आंखूड, म्हणून कोठें घासण्याचा संभव कमी. पण तीच तार मागून पुढें नेली म्हणजे तिला पत्र्यांच्या भोंकांतून, सांगाड्याच्या कडांवरून व हादरणाऱ्या भागांजवळून जावें लागतें. खडबडीत वाटेवर एखाद्या धारदार कडेनें तिचें आवरण कापलें गेलें व तांबें लोखंडास टेकलें, तर काय होईल? चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध सुमारें ०.००५ ओहम असतो. त्यांत आपल्या जाड तारेचा ०.००१७ ओहम मिळविला, आणि टेकलेल्या जागेचा रोध हिशेबांत न धरला, तर दीड हजार आंपिअरांहून अधिक प्रवाह वाहील व तारेंत सुमारें सहा हजार वॅट इतकी उष्णता निर्माण होईल. हजार-हजार वॅटांच्या सहा विजेच्या शेगड्या गाडीच्या गालिच्याखालीं एकदम पेटविल्या अशी कल्पना करा! किल्ली फिरवून ही आग थांबत नाहीं, कारण किल्ली या वाटेवर नसतेच.

यावर उपाय एकच: धन तारेवर बॅटरीच्या अगदीं निकट, शक्यतों वीतभर अंतराच्या आंत, योग्य मापाचा फ्यूज. तो स्टार्टरचा प्रवाह सहन करील इतका मोठा, पण तार जळण्यापूर्वीं स्वतः वितळेल इतका लहान असावा. तो इंजिनाच्या बाजूस बसविणें व्यर्थ होय. कारण फ्यूज आपल्या पुढच्या तारेचें रक्षण करतो, मागच्या तारेचें नव्हे. पुढें एक व मागें एक अशा दोन बॅटऱ्या असतील, तर वीज दोन्हींकडून येते. म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांस हवेत. तारेवर जाड वेष्टन चढवावें, प्रत्येक भोंकास रबरी कडें बसवावें, थोड्याथोड्या अंतरावर तार आंवळून धरावी, आणि ती पेट्रोलच्या नळीपासून व धुराड्याच्या नळापासून दूर न्यावी.

बॅटरीची बैठकही तितकीच महत्त्वाची आहे. गाडी आदळून एकाएकीं थांबते तेव्हां आंतील वस्तूंवर त्यांच्या वजनाच्या वीसपट जोर येणें अशक्य नाहीं. तेव्हां १७ किलोंची बॅटरी ३४० किलोंच्या जोरानें पुढच्या माणसांकडे झेपावूं पाहील. रबरी पट्ट्यानें किंवा दोरीनें ती आवरणार नाहीं. लोखंडी चौकट, वरून पट्टी, व सांगाड्यांत पार गेलेले बोल्ट हेच पाहिजेत. शिवाय भरणा अधिक झाला म्हणजे बॅटरींतील पाण्याचें पृथक्करण होऊन हायड्रोजन व प्राणवायु बाहेर पडतात. हवेंत हायड्रोजनचें प्रमाण शेंकडा ४ झालें कीं एका ठिणगीनें स्फोट होऊं शकतो. यास्तव माणसें बसतात त्या भागांत बॅटरी असल्यास ती झाकणबंद पेटींत ठेवून पेटीची नळी गाडीबाहेर काढावी. कांचतंतूंच्या गादींत आम्ल शोषून ठेवणाऱ्या बॅटऱ्या उलटल्या तरी सांडत नाहींत, म्हणून त्या या कामीं बऱ्या; परंतु अतिभरण झाल्यास त्याही वायु सोडतात, हें विसरूं नये.

मोटार-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सर्व वीज तोडणारा व त्याचबरोबर इंजिनही थांबविणारा एक मुख्य स्विच सांगितला आहे. पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणांत तांबडी ठिणगी ही त्याची खूण. बॅटरी हलविलेल्या गाडींत असा स्विच असणें फार हिताचें. अपघातसमयीं मदतीस धांवणारा माणूस बॉनेट उघडून बॅटरी शोधील. ती तेथें नाहीं व कोठें आहे, हें सांगणारी चिठ्ठी बॉनेटच्या आंतल्या बाजूस अवश्य चिकटवावी.

काम करतांना प्रथम ऋण तार सोडावी व शेवटीं ऋण तारच जोडावी. याचें कारण साधें आहे. ऋण तार जोडलेली असतां धन अग्रावरील पाना चुकून पत्र्यास टेकला, तर तत्क्षणीं पूर्ण प्रवाह पान्यांतून वाहतो. ऋण तार सुटलेली असल्यास ती वाटच बंद असते. नव्या गाड्यांत फुगणाऱ्या सुरक्षा-पिशव्या व बॅटरीवर नजर ठेवणारें यंत्र असतें. तेथें गाडीच्या पुस्तकांतील सूचना वाचल्यावांचून हात घालूं नये. आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांस मर्यादा घालतें. म्हणून परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांस आधीं विचारावें हें बरें.

पालकांस एक विनंती. मुलानें हा फेरफार करण्याचें मनांत आणलें, तर त्यास एकदम नाहीं म्हणूं नका. त्याच्याबरोबर मिस्त्रीकडे जा आणि पांच प्रश्न विचारा. फ्यूज बॅटरीपासून किती अंतरावर आहे? तार किती जाड आहे व ती कोठून नेली आहे? इंजिन व सांगाडा यांतील पट्टी तपासली काय? बॅटरी कशानें बांधली आहे? तिचा वायु कोठें जातो? या पांचांपैकीं एकाचेंही उत्तर समाधानकारक मिळालें नाहीं, तर बॅटरी आहे तेथेंच राहूं द्यावी. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं हे प्रश्न मिस्त्रीच्या आधीं स्वतःस विचारावेत. तरफेचा व ओहमचा नियम तुम्हांस ठाऊक आहे, तेव्हां बहुतेक उत्तरें कागदावर हिशेब करून तुमचीं तुम्हांसच काढतां येतील.